हिर्डोशीचा पाचवा तुकडा

हिर्डोशीला जाऊन आले असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, वरंधा घाट पाहिला का, धबधबे होते का. घाट पाहिला नाही. फोटो काढले ते एका पिवळ्या कातड्याचे, आणि ते दाखवायला गेलं की 'हे काय आहे?' असा प्रश्न येतो. त्याचं धड उत्तर मला अजून देता येत नाही. प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हटलं.

मी जुनी हिब्रू वाचते. पुण्यात राहून हा उद्योग करणाऱ्या बाईला घरचे काय म्हणत असतील ते सांगायला नको. माझा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा शिवणाचा क्लास काढला असतास तर चार बायका तरी आल्या असत्या. आपल्याकडे बेने इस्राएल लोकांच्या घरांतून, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांतून, अधूनमधून जुन्या हस्तलिखितांचे तुकडे निघतात. ते वाचायचे, अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवायचा, कुठला तुकडा कुठल्याला जोडून होता ते शोधायचं आणि छापायचं, एवढंच माझं काम. या लोकांचा जुना धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत.

सायमनकाका त्यांच्यातलेच. वय ऐंशीच्या पुढं, रास्ता पेठेत एका खोलीत एकटे राहायचे. त्यांच्या ट्रंकेत आजोबांच्या सेफेरचे चार तुकडे होते. सेफेर म्हणजे धर्मशास्त्राची हाताने लिहिलेली लांबच लांब गुंडाळी. कातड्याची पानं जनावराच्या तातीनं एकमेकांना शिवून ती करतात. काकांच्या आजोबांचा सेफेर ओलीनं खराब झाला आणि त्याची पानं सुटली. असा निकामी झालेला सेफेर फेकायचा नाही, जाळायचा नाही. माणसासारखा कबरस्तानात पुरायचा, ही त्यांची रीत. पण चार तुकडे पुरायचे आणि पाचवा कुठंतरी बाहेर राहायचा, हे काकांना पटत नव्हतं. आजोबा म्हणायचे की एक पान मागं गावात राहिलंय. काका पुण्यातच वाढलेले; कुठल्या गावात, ते कुणी नीट विचारून ठेवलं नाही.

काकांची मुलगी इस्राएलमध्ये असते. दिवाळीनंतरचं तिकीट तिनं काढून ठेवलं होतं, आणि काका आता कायमचे जाणार होते. त्याआधी पाचही तुकडे एकत्र पुरून मोकळं व्हायचं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात होती. मला त्या पाचव्या तुकड्याची गरज वेगळ्या कारणानं होती. माझं पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं आणि चौथा तुकडा अर्ध्या वाक्यात संपत होता. आमचा करार सरळ होता: सापडला तर आधी मी वाचणार आणि मग काका पुरणार.

आणि एक दिवस मोबाईलवर फोटो आला. भोरच्या शाळेत इतिहास शिकवणारे गायकवाड सर सर्वेक्षणाच्या कामावर एका धनगरवाड्यात गेले होते. तिथल्या देवघरात त्यांना हे कातडं दिसलं. फोटो कुणाकुणाकडून फिरत माझ्यापर्यंत पोचला. पिवळं पडलेलं कातडं, कडेला सुईची भोकं आणि खालच्या कोपऱ्यात दीड-दोन ओळी अक्षरं. फोटो धूसर होता, शब्द लागत नव्हते, पण ते अक्षर मी ओळखलं. चार तुकड्यांवर ज्याचं वळण मी दोन वर्षं भिंगातून पाहत होते, तोच लेखक. सोबत सरांचा एवढाच निरोप होता, 'ढेबे यांचे घर, धनगरवाडा.' फोन केला तर ते रेंजच्या बाहेर.

कापूरहोळ

शनिवारी काका प्रवास करत नाहीत, म्हणून आम्ही रविवारी सकाळी माझ्या गाडीनं निघालो. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि ऊन असं तापलं होतं की गाडीचं स्टिअरिंग हाताला लागत होतं.

कापूरहोळला मिसळ खायला थांबलो. इथून भोरचा रस्ता फुटतो. काकांनी पाव मोडता मोडता हळूच सांगितलं की आजोबांच्या तोंडी कायम मार्गासनीचं नाव असायचं. आता मार्गासनी वेल्ह्याच्या रस्त्यावर, आणि तिकडचा फाटा आम्ही केव्हाच मागं टाकून आलो होतो. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू इतक्या आत्मविश्वासानं चालवत होतीस की मला वाटलं तुला माहीत आहे.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार हात पुसत बाहेर आला आणि ढेबे कुठं राहतात याचा त्यानं शांतपणे विचार केला. "ढेबे वेल्ह्याकडं बी हायती आन भोराकडं बी हायती," तो म्हणाला. "तुमाला कंचं पायजेत?" कुठले पाहिजेत तेच माहीत नाही, हे त्याला कसं सांगणार. आम्ही गाडी वळवली.

मार्गासनी

मार्गासनीला भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं. गावात विचारलं तर वरच्या वस्तीवर ढेब्यांची घरं आहेत असं कळलं. काकांना झाडाखाली बसवून मी चढून गेले. जुनं कातड्यावरचं लिखाण पाहायला आलेय, एवढंच मी पहिल्या घरी म्हटलं, आणि पुढच्या गोंधळाला तेवढं पुरलं. कुणी ढोलाचं फाटकं पान आणून दाखवलं. त्यावर ढोल देणाऱ्याचं नाव होतं. कुणी मोडीतला कागद आणला. मोडी मला येत नाही म्हटल्यावर त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की माझं शिक्षण वाया गेलं. एक गृहस्थ तर सात-बाऱ्यावर आईचं नाव चुकलंय ते तेवढं नीट करून द्या म्हणून मागंच लागले. मी मोजणीच्या ऑफिसातून आलेली नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. घरटी चहा मात्र प्यावा लागला.

खाली आले तर काका एका शेतकऱ्याशी गप्पा मारत बसले होते आणि त्यांचा चेहरा पडलेला होता. गप्पांतून त्यांना आठवलं होतं. आजोबा मार्गासनीला राहत नव्हते. घाण्यासाठी कारळं विकत घ्यायला ते इकडे यायचे. सत्तर वर्षांपूर्वीची आठवण, तीत गाव बरोबर होतं आणि कारण चुकलं होतं. मला राग आला आणि तो मी दाखवलाही. काका काठी घेऊन गाडीकडे चालायला लागले, तेव्हा मला आणखी वाईट वाटलं. माझा चौथा तुकडा तरी कुठं धड संपत होता.

भोर

संध्याकाळी भोरला पोचेपर्यंत गायकवाड सरांचा फोन लागला. ते म्हणाले, अहो, मार्गासनीला कशाला गेलात, मी हिर्डोशीच्या वरच्या वाडीबद्दल लिहिलं होतं. हिर्डोशी हा शब्द निरोपात नव्हता, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरून वाचलं आणि मान डोलावली.

रात्रीचं जेवण त्यांच्याच घरी झालं. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावलेली होती आणि सरांची मुलगी बुद्धवंदना म्हणून नुकतीच उठली होती. सर सांगत होते की ते कातडं पाहून त्यांना आधी अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी वाटली आणि फार आनंद झाला. मग मोबाईलच्या ॲपनं हिब्रू असं सांगितलं. थोडी निराशा झाली, ते मोकळेपणानं म्हणाले. काका हसले. एकाला आपला वारसा वाटला आणि तो दुसऱ्याचा निघाला, आणि दोघं एका ताटावरून लोणचं घेत होते.

निघताना सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मॅडम, तिथं घाई करू नका. ते तुकडा प्रेमानं दाखवतील, पण देतील असं मला वाटत नाही. काकांना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. लॉजवर परतल्यावर ते आपली टोपी आणि एक नवं पांढरं कापड पिशवीत भरून तयार बसले होते. कापड तुकडा गुंडाळायला आणलं होतं.

हिर्डोशी

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना बरोबर घेऊन निघालो. भोरहून हिर्डोशीचा रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नाचणीचे तुकडे, आणि एसटी अगदीच क्वचित. दोनदा बायकांनी हात केला आणि दोन्हीदा आम्ही थांबलो, त्यामुळे गाडी भरली. गाडी गावात ठेवून पुढं चढ होता. काका काठी टेकत, थांबत थांबत चढले. सर त्यांच्या मागं राहिले, पडलेच तर धरायला.

बापू ढेबे अंगणात एका करडाच्या खुराला हळद-तेल लावत बसले होते. काकांपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असतील. पागोटं, कमरेला धोतर आणि अंगात कुणाच्यातरी लग्नात मिळालेला शर्ट. सरांनी ओळख करून दिली, की हे सायमनकाका, तेल्याचे नातू. बापूंनी करडू सोडलं. ते उठून उभे राहिले, त्यांनी काकांकडे खूप वेळ बघितलं आणि मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला. काका गडबडले. वयानं मोठे म्हणून आपल्याला वाकतात एवढंच त्यांना वाटलं. कारण नंतर कळलं.

बापूंची बायको हिराबाई पाणी घेऊन आल्या. बसायला घोंगडी टाकली गेली. मग आम्हाला आत नेलं, आणि देवघरापुढं गेल्यावर काकांनी टोपी डोक्यावर चढवली.

चांदीचे टाक ओळीनं मांडलेले होते आणि त्यांच्या मधोमध, पाटावर, तो तुकडा. त्यावर हळद, हळदीवर कुंकवाची बोटं, झेंडूची दोन फुलं. आपल्या सेफेरला काका बोटांनी स्पर्श करून ती बोटं ओठांना लावतात, हे मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्यांचा हात तसा पुढं गेला आणि कुंकवाजवळ जाऊन थांबला. माझ्याकडे वळून ते अगदी हळू म्हणाले, "नंदा, हे आमच्यात चालत नाही गं." त्यांच्या धर्मात मूर्ती नाही, मूर्तीपुढं वाकणं नाही. आणि त्यांचं शास्त्रच इथं मूर्ती होऊन बसलं होतं.

मी मात्र अक्षरं शोधत होते. फोटोत दिसलेल्या दीड-दोन ओळी कुठंच नव्हत्या. कोपऱ्यात दोन-तीन फिकट खुणा होत्या, आणि बाकी सगळं कातडं कोरं. मी हिराबाईंना विचारलं की याच्यावर लिहिलेलं होतं ना. त्या खुशीनं सांगायला लागल्या. दर दसऱ्याला घरचे देव न्हाऊ घालतात, तसा यालाही घालतात. आधी कोमट पाणी, मग दूध, मग हळद, हलक्या हातानं चोळून. "पयलं लई काळं काळं व्हतं," त्या म्हणाल्या. "माज्या सासूनं, मग म्या, धू-धू धुतलं. आता बगा कसं निर्मळ झालंय."

हस्तलिखिताला ओला हात लावू नका, हे मी गेली पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलेय. इथं दोन पिढ्या त्याला मनोभावे आंघोळ घालत होत्या. आणि या दसऱ्याची आंघोळ आम्ही यायच्या चार-पाच दिवस आधी झाली होती. ते दूध मग काय करता, असं विचारलं तर कळलं की ते तीर्थ म्हणून घरातले सगळे घोट घोट पितात आणि उरलेलं शेळ्या-मेंढ्यांवर शिंपडतात. म्हणजे माझं राहिलेलं अर्धं वाक्य गेली सत्तर वर्षं थोडंथोडं ढेब्यांच्या पोटात गेलं होतं.

रागवायचं तर कुणावर, तेही कळत नव्हतं. मी पिशवीतून चौथ्या तुकड्याच्या कडेचा ट्रेसिंग कागद काढला आणि बापूंना विचारून या तुकड्याच्या कडेला लावला. भोकाला भोक जुळलं. तातीचा एक बारीक धागासुद्धा एका भोकात अडकलेला होता. शंका राहिली नाही. आडवा उजेड टाकला तेव्हा लिहिण्याआधी आखलेल्या रेघा दिसायला लागल्या. ओळींमागून ओळी, सगळ्या रिकाम्या. मी फोटो काढले. काका भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचं पांढरं कापड त्यांच्या मांडीवर तसंच घडी घातलेलं होतं.

मग बापूंनी सांगायला सुरुवात केली. तेव्हा ते लहान होते आणि त्यांना असा ताप आला की आईनं आशा सोडली. गावात तेल्याचा घाणा होता. ती जागा आता धरणाच्या पाण्यात गेलीय. तेली, म्हणजे काकांचे आजोबा, भला माणूस. वर्षातून एकदा पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करून वाटायचा, त्याची चव बापूंना अजून आठवते. आई रडत त्याच्याकडे गेली. त्यानं आपल्या फाटलेल्या पोथीचं एक पान आणून पोराच्या उशाशी ठेवलं आणि स्वतः शेजारी बसून काहीबाही म्हणत राहिला. पोर जगलं. पुढं तेल्याचं बिऱ्हाड घाण्याचा लाकडी सांगाडा विकून पुण्याला मुलाकडे निघालं. तो पान न्यायला आला तेव्हा पोराला पुन्हा कणकण होती. तेली म्हणाला, राहू द्या, नंतर नेईन. बापूंच्या वडिलांनी विचारलं, याला जपायचं कसं? तेली म्हणाला, तुमच्या देवासारखं जपा.

"मंग आमी तसंच जपलं," बापू म्हणाले.

काकांनी डोळे मिटले होते. आजोबांनी एक बोलायची पद्धत म्हणून म्हटलेलं वाक्य या लोकांनी अक्षरशः पाळलं होतं, आणि पाळता पाळता ते अक्षर पुसलं गेलं होतं. कुणाची चूक धरायची?

जेवायला नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि ताक होतं. कोंबडी कापायचा हिराबाईंचा बेत सरांनी आधीच रद्द करायला लावला होता, कारण काका बाहेर मांस खात नाहीत. हिराबाईंना ते वाईट वाटलं, पण मांस आणि दूध एका जेवणात घेत नाहीत हे ऐकून त्या म्हणाल्या, आमच्यातबी काही घरांत असं हाय. खरंच आहे की बाईनं पाहुण्याचा मान राखला, ते मी शोधायला गेले नाही. जेवणावर काकांनी तोंडातल्या तोंडात आशीर्वाद म्हटला. बापू त्या आवाजाकडे कान देऊन बसले आणि काकांचं म्हणून होईपर्यंत त्यांनी घास घेतला नाही.

जेवण झाल्यावर काकांनी विषय काढला. आपण परदेशी चाललोय, आजोबांचं हे पान न्यायला आलोय, असं ते सरळ बोलले. बापूंनी मान डोलावली. ज्याचं त्याला द्यायला नको कसं म्हणायचं, ते म्हणाले. हिराबाईंनी खण, नारळ आणि तांदूळ काढायला घेतले. मला वाटलं, झालं, सरांचा अंदाज चुकला. मग तांदूळ मोजता मोजता हिराबाईंनी सहज विचारलं, "तिकडं त्येला कुठं ठिवनार?"

काका थांबले. खोटं बोलले असते तर तुकडा त्या क्षणी त्यांच्या मांडीवर होता. पण ते म्हणाले, पुण्यात आमच्या कबरस्तानात, बाकीच्या चार तुकड्यांबरोबर, पुरणार.

हिराबाईंचा हात ओंजळीत तांदूळ घेऊन तसाच राहिला. "जित्या देवाला पुरत्यात व्हय?"

काकांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. सेफेरचा जीव अक्षरांत असतो. एखादंसुद्धा अक्षर गेलं तर तो वाचायला चालत नाही. इथं तर सगळीच गेलीत. "अक्षरं गेली की तो गेला, असं आमच्यात धरतात," ते म्हणाले. "मेलेल्याला उघड्यावर ठेवायचं नाही. त्याला मान द्यायचा."

"मंग मानूस म्हातारा झाला, बोलंना झाला, का त्येला पुरायचा का?" हिराबाईंनी विचारलं. त्यांनी टोचायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. काका आपले दोन्ही हात पाहत होते.

मग बापू म्हणाले, कौल लावू. दोन तांदळाचे दाणे ओले करून तुकड्याला वरच्या बाजूला चिकटवायचे. उजवा आधी पडला तर त्याला जायचंय, डावा पडला तर राहायचंय. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शास्त्राला त्यांच्या डोळ्यांदेखत कौल लावणार, आणि नको म्हणायची सोय नाही. काठी घेऊन ते अंगणात गेले आणि शेळ्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले.

दाणे चिकटवले. तुकडा भिंतीशी उभा धरला. बापू हात जोडून बसले, हिराबाई बसल्या, सर बसले आणि मीही बसले. मी, जिला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे, उजव्या दाण्याकडे टक लावून पाहत होते. दाणे पडेनात. हळदीचा नवा थर इतका चिकट होता की ते जागचे हलले नाहीत. हिराबाई उठून चहा करून आल्या. आम्ही चहा प्यालो. दाणे तिथंच. कोंबडी आत येऊन एकदा दाण्यांकडे बघून गेली, तेवढीच काय ती हालचाल.

शेवटी बापू उठले. दाणे त्यांनी बोटांनी काढले आणि तुकडा पाटावर परत ठेवला. काकांना हाक मारून आत बोलावलं.

"त्यो बोलत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी त्येनं माज्यावर सोडलंय. आज्या, तुमी म्हनता त्यो मेलाय. आसल. पर त्येनं मला जगवला, तवा म्या हाय तवर त्यो बी हाय. म्या गेलो का न्या. मंग पुरा. त्या दिशी आमाला दोगास्नीबी मातीच हाय."

आज्या म्हणजे आजोबा. सत्तरीपुढचा माणूस ऐंशीच्या माणसाला आज्या म्हणत होता, कारण तेल्याचा नातू त्याला तेल्यासारखा दिसत होता. काकांनी पांढरं कापड उलगडलं आणि बापूंच्या हातात दिलं. "तेव्हा यात गुंडाळा," ते म्हणाले. "आणि नंदाला कळवा. ती येईल. मी इथं नसेन."

माझं नाव असं परस्पर घातलं गेलं. कुणी मला विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही.

निघताना हिराबाईंनी काकांच्या उपरण्यात नारळ आणि तांदूळ बांधून दिले. ते तुकड्याला निरोप द्यायला काढले होते, ते पाहुण्याला गेले. उंबऱ्याशी आल्यावर काकांनी सवयीनं दाराच्या चौकटीला बोटं लावून ओठांना लावली. त्यांच्या घराच्या दाराला त्या जागी शास्त्राचं बारीक गुंडाळलेलं पान ठोकलेलं असतं. इथं नव्हतं. बापूंनी ते पाहिलं आणि त्यांनीही तिथं हात लावून कपाळाला लावला.

परतताना कापूरहोळला काकांनी उसाचा रस मागितला. मी विचारलं, वाईट वाटतंय का. ते म्हणाले, पुरायला आलो होतो, आणि कुणी जिवंत भेटल्यासारखं झालं. आता काय वाटतंय ते पुढच्या आठवड्यात विचार. पुढच्या आठवड्यात त्यांचं सामान बांधणं सुरू झालं आणि ते विचारायचं राहून गेलं.

चार तुकडे ते माझ्याकडे ठेवून गेले. पाचव्याशिवाय पुरायचे नाहीत, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. विमानतळावर त्यांच्या मुलीनं पाठवलेली चाकांची खुर्ची त्यांनी नाकारली आणि काठी टेकत आत गेले.

माझं पुस्तक छापून आलं. पाचव्या तुकड्याच्या नोंदीत मजकुराच्या जागी मी फक्त आखलेल्या रेघांचा फोटो दिला. 'सध्याची स्थिती' या रकान्यात बाकी तुकड्यांना 'जीर्ण' लिहिलंय. पाचव्याला मी 'वापरात' लिहिलं. संपादकांनी ते दोनदा खोडलं आणि मी दोनदा परत लिहिलं. हे शास्त्राला धरून आहे का, मला माहीत नाही. खोटं मात्र नाही.

आता हिर्डोशीच्या नंबरावरून फोन आला की मी हातातलं भिंग खाली ठेवते. बापू गेले असतील, आता मला जाऊन ते पांढरं कापड उघडावं लागेल, खड्डा सांगावा लागेल, काकांना कळवावं लागेल. आणि मग माझी स्वतःची लाज वाटते, कारण एका कोपऱ्यात असंही येतं की पाचही तुकडे एकदा एकत्र होतील. परवाही फोन आला. रेंज येत-जात होती, शेळ्यांचा आवाज मध्येच भरून येत होता. मी हलो, हलो करत राहिले. पलीकडं कोण आहे तेच कळेना.

मग बापूंचा आवाज आला. "ताई, आज्यास्नी सांगा, म्या हाय अजून."